शनिवारी रात्री वेळ कोण बदलणार? छोट्या मंडळीची वेबसाइट आणि तिचं टूल

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी साडेआठला मिरजेहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब आमच्या नेरूळच्या चर्चच्या दारात उभं होतं. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून, दोन लेकरांना चांगले कपडे घालून, भर पावसात आलेलं. आत मल्याळम उपासना चालू होती. आमची इमारत एक आणि मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे गट, तीन, त्यामुळे वेळा वाटून घेतलेल्या आहेत. मराठी उपासना साडेदहाला असते आणि ती वेळ बदलूनही आता काही वर्षं झाली. "पण वेबसाइटवर साडेआठ लिहिलंय हो," म्हणत त्या ताईंनी मोबाइल पुढे केला. खरंच लिहिलं होतं. त्याखाली हलणाऱ्या मेणबत्त्या, आणि त्याखाली लाल अक्षरांत 'उत्तम शुक्रवार, १९ एप्रिल, विशेष उपासना'. उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, आणि तो १९ एप्रिल २०१९ सालचा होता.

ती साइट आमच्याच तरुण संघातल्या एका मुलानं बनवली होती. हौसेनं, पदरचे पैसे घालून, रात्री जागून. पुढे त्याला परदेशात नोकरी लागली आणि तो गेला. त्याचा यात काही दोष नाही. तो गेल्यावर साइटला हात कोण लावणार, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये विषय निघाला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "तू महापेला कंप्युटरवरच असतोस ना?" मी कंप्युटरवर असतो खरा, पण हिशेब लिहायला. तरी काम गळ्यात पडलंच. त्यानंतर जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर अशा पट्ट्यात आमच्यासारख्या लहान मराठी मंडळ्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीत माझ्यासारखा एक बकरा असणार.

तीन गोष्टी, ज्या एकच वाटतात

'वेबसाइट बनवून द्या' म्हटलं की समोरचा एकच आकडा सांगतो. त्या आकड्यात खरं तर तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली गोष्ट नाव, म्हणजे डोमेन. शेवटी 'डॉट इन' किंवा 'डॉट ऑर्ग' असतं ते. नवी मुंबईकराला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्या बहुतेक इमारती सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. डोमेनचंही तसंच असतं. विकत घेतलं म्हणतात, पण ते भाड्यानं असतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. मुदत संपली, नूतनीकरण राहिलं, की काही दिवसांनी ते नाव पुन्हा बाजारात येतं आणि कुणीही घेऊ शकतं. जुन्या संस्थेच्या नावावर उद्या जुगाराची जाहिरात दिसू लागते ती अशी. 'डॉट इन' नावांचा कारभार निक्सी ही संस्था बघते. आपण नाव घेतो ते मधल्या विक्रेत्याकडून, आणि वर्षाचा खर्च साधारण काही शे ते हजार रुपयांच्या घरात असतो. २०१४ पासून 'डॉट भारत' असं देवनागरीतलं नावही मिळतं. ऐकायला गोड वाटतं, पण फोनवरून कुणाला सांगताना आणि इंग्रजी कीबोर्डवर टाइप करताना अडचण होते. मुख्य नाव इंग्रजी अक्षरांतलंच ठेवा.

दुसरी गोष्ट जागा, म्हणजे होस्टिंग. तुमची पानं आणि फोटो जिथे राहतात तो कुठला तरी चोवीस तास चालू असलेला कंप्युटर.

तिसरी गोष्ट, आणि आपला विषय तोच, म्हणजे त्या पानांवर लिहायचं आणि खोडायचं टूल. काही कंपन्या या तिन्ही गोष्टी एकाच पुड्यात बांधून देतात. सोय म्हणून ते बरं वाटतं. पण नाव तरी शक्यतो वेगळं, मंडळीच्या हातात ठेवा. टूल पटलं नाही तर बदलता येतं, जागा बदलता येते. नाव मात्र गेलं की छापलेल्या पत्रिका, गेटवरचा बोर्ड, गुगलवरची ओळख असं सगळंच जातं.

टूल आत काय करतं?

वेबपान म्हणजे मुळात साधा मजकूर असतो आणि त्यात खुणा पेरलेल्या असतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, इथे फोटो, इथे दाबलं की तिकडे जा. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. गंमत अशी की १९९० मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यात पान वाचताही येत होतं आणि तिथल्या तिथे बदलताही येत होतं. पुढे लोकप्रिय झालेले ब्राउझर फक्त वाचायचे निघाले आणि लिहिणं हे 'जाणकारांचं काम' होऊन बसलं. मग फ्रंटपेज, ड्रीमवीव्हर अशी सॉफ्टवेअर आली. त्यात वर्डसारखं टाइप करायचं, खुणा ते आपोआप घालायचं. आमची जुनी साइट याच पठडीतली. अडचण अशी की मूळ फाइली ज्या घरच्या कंप्युटरवर, साइट त्याच कंप्युटरच्या मालकाची. तो कंप्युटर आता बहुधा भंगारात गेला असेल.

२००३ च्या आसपासपासून चित्र पालटलं. त्या वर्षी वर्डप्रेस आलं, गुगलनं ब्लॉगर विकत घेतलं. आता टूल तुमच्या कंप्युटरवर नसतं, ते साइटच्या मागच्या खोलीतच असतं. कुठूनही पासवर्ड टाकून आत जा, बदला, बाहेर या. मजकूर एका कपाटात, रंगरूप दुसऱ्या कपाटात. रूप बदललं तरी मजकूर शाबूत राहतो. छोट्या मंडळीनं याच जातीतलं काहीतरी घ्यावं. कुणी अजून 'मी तुम्हाला हातानं कोडिंग करून देतो, एकदम फास्ट' म्हणत असेल तर त्याला चहा पाजा, आभार माना आणि नाही म्हणा. पान फास्ट होईलही, पण पुढच्या महिन्यात वेळ बदलायला पुन्हा त्यालाच फोन करावा लागेल.

आज सामान्य माणसाला परवडणारे पर्याय ढोबळमानानं तीन प्रकारचे आहेत.

गुगल साइट्स फुकट आहे. जीमेल खातं असलं की झालं. ठोकळे ओढायचे आणि ठेवायचे, रूपाच्या फार भानगडी नाहीत, बिघडण्यासारखंही फारसं काही नाही. स्वतःचं डोमेन जोडता येतं. जुनी आवृत्ती परत आणता येते, म्हणजे कुणी चुकून पान साफ केलं तरी रडायची वेळ येत नाही. उणीव अशी की संपादन नीट होतं ते कंप्युटरवर, फोनवर नाही. यावर एक तोड आहे, ती पुढे सांगतो.

वर्डप्रेस म्हणजे मोठं घर. त्याचे दोन अवतार आहेत आणि त्यात बहुतेकांचा गोंधळ होतो. 'डॉट ऑर्ग'वालं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण जागा तुमची, पाणी-वीज तुमची, दुरुस्ती तुमची. 'डॉट कॉम'वाल्यात कंपनी ते सगळं सांभाळते आणि त्याप्रमाणे पैसे घेते. वर्डप्रेसला जोडायला 'प्लगइन' नावाचे हजारो सुटे भाग मिळतात. सोसायटीच्या मीटर बोर्डवरून जो तो वायर ओढत गेला तर काय होतं, तसंच इथे होतं. प्रत्येक प्लगइन वेळोवेळी अपडेट करावा लागतो, नाहीतर त्याच फटीतून चोर शिरतात. हे करणारं माणूस मंडळीत नसेल तर स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस टाकू नका. असेल तर मात्र त्याच्यासारखं दुसरं नाही, विशेषतः तुमचं मासिक असेल, संदेशांचा वर्षानुवर्षांचा साठा असेल, तर.

त्यात मला एक गोष्ट फार आवडली. माणसागणिक अधिकार ठरवता येतात. 'कॉन्ट्रिब्युटर' म्हणून कुणाला घेतलं तर तो लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. पाळकसाहेबांनी (म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी) डोळ्यांखालून घातल्याशिवाय काही बाहेर जायला नको, अशी ज्या कमिटीची इच्छा असते (कुठल्या कमिटीची नसते?) तिच्यासाठी ही सोय देवाघरची आहे.

तिसरा प्रकार विक्स, स्क्वेअरस्पेस यांच्यासारख्या तयार बिल्डरांचा. दिसायला सुरेख. विक्सच्या फुकट योजनेत त्यांची जाहिरात तुमच्या पानावर राहते, स्क्वेअरस्पेसला काही दिवसांच्या चाचणीनंतर पैसे भरावेच लागतात. हल्ली अशा ठिकाणी 'एका मिनिटात एआय तुमची साइट बनवेल' असंही लिहिलेलं असतं. मी करून पाहिलं. मिनिटात बनली. मुखपृष्ठावर बर्फात उभं दगडी चर्च आणि उंच मनोरा. आमच्या इमारतीला मनोरा नाही, ग्रिल आहे, आणि समोर वडापावची गाडी.

हे सगळं वाचून डोकं जड झालं असेल तर ब्लॉगर हाही एक जुना, फुकट, टिकून राहिलेला मार्ग आहे. मात्र त्याचा स्वभाव तारखेप्रमाणे नोंदी एकावर एक रचण्याचा. आठवड्याचे संदेश टाकायला छान.

काकूंची परीक्षा

कुठलं टूल सोपं, हे जाहिरात वाचून कळत नाही आणि माझ्यासारख्यानं वापरून पाहूनही कळत नाही. म्हणून मी तीन ठिकाणी कच्च्या साइटी बनवल्या आणि एका रविवारी उपासनेनंतर महिला मंडळाच्या सेक्रेटरी काकूंना बसवलं. त्या निवृत्त नर्स. व्हॉट्सॲप उत्तम चालवतात, त्यापलीकडे कंप्युटरशी सलामापुरती ओळख. त्यांना काम दिलं ते असं: उपासनेची वेळ साडेआठची साडेदहा करा, मंगळवारच्या प्रार्थनासभेची सूचना मराठीत घाला, त्याला एक फोटो जोडा, आणि जाताना केलेला बदल मागे घ्या. मी शेजारी बसणार, पण तोंड उघडणार नाही.

तोंड बंद ठेवणं सगळ्यात अवघड गेलं. पण शिकायला मिळालं ते त्यातच. एका टूलमध्ये वेळ बदलता बदलता बोटाच्या धक्क्यानं अख्खा ठोकळा फोटोवर जाऊन बसला. त्याचं नाव सांगत नाही, एव्हाना सुधारलंही असेल. दुसऱ्यात काकूंनी सगळं बरोबर केलं, पण 'सेव्ह' आणि 'पब्लिश' ही दोन वेगळी बटणं आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बदल आत राहिला, बाहेर जुनीच वेळ. हा सापळा जवळजवळ सगळीकडे आहे. म्हणून आम्ही नियम केला की बदल केल्यावर तो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघायचा, मगच झाला म्हणायचं. 'मागे घ्या' हे काम काकूंना जिथे जमलं, तिथे त्यांची भीती गेली. मोडलं तर जोडता येतं हे एकदा हाताला कळलं की माणूस धीट होतो.

तुम्हीही ही परीक्षा घ्या. मंडळीतल्या सगळ्यात हुशार पोराला बसवू नका. तो दोन वर्षांत पुण्याला किंवा परदेशात जाणार. जी व्यक्ती पुढची पाच वर्षं इथेच असणार आहे, तिला बसवा.

मराठीचं दुखणं

इंग्रजी लेखांत हा भाग नसतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमचं रविवारचं पत्रक वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याकडून यायचं. तो श्री-लिपीत टाइप करायचा. ते कागदावर देखणं दिसतं. वेबसाइटच्या पानात चिकटवलं की मात्र भलतीच चिन्हं उमटतात. कारण असं, की जुन्या फॉन्टांत कंप्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, वर मराठीचा मुखवटा चढवलेला. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला मुखवट्याखालचं इंग्रजी दिसतं. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडनं प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. फोनवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच. तेव्हा डीटीपीवाल्याला सांगा, 'युनिकोडमध्ये द्या'. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यानंतर एकदा डोळ्यांनी तपासा, जोडाक्षरांत घोळ होतो.

मग एक पळवाट सुचते: पत्रकाचा फोटोच टाकू. कृपा करून टाकू नका. फोटोतली अक्षरं गुगलला नीट शोधता येत नाहीत, ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनला ती वाचून दाखवता येत नाहीत, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना दोन बोटांनी ताणताणून बघावी लागतात. पत्रकाचा फोटो हवाच तर ठेवा, पण वेळ, जागा, फोन नंबर एवढं तरी खाली टाइप केलेलं असू दे.

टूल मराठीला कितपत जाणतं हे बघायला एकच ओळ पुरते: 'दुसऱ्या रविवारी आचार्यांना आणि आचाऱ्यांना जेवण'. 'ऱ्या' नीट उमटला तर ठीक. तिथे रफार चढला तर आचारी आणि आचार्य एकाच पंगतीला बसतात. ठळक अक्षरांत आणि मोठ्या शीर्षकातही ती ओळ लावून बघा, कारण मात्रा-वेलांट्या वरून कापल्या जातात त्या तिथेच. फॉन्ट निवडायची सोय असेल तर 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांच्यासारखा खुला फॉन्ट घ्या.

आणखी एक. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपमधून मजकूर उचलून टूलमध्ये टाकला की त्याच्याबरोबर तिकडचे रंग, आकार, अंतरं असा सगळा कचरा येतो. पान हळूहळू गोधडी होतं. कंप्युटरवर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून व्ही दाबलं की बहुतेक ठिकाणी फक्त मजकूर उतरतो. ही एक सवय काकूंनी लावून घेतली आणि आमचे अर्धे प्रश्न मिटले. शीर्षकही नुसतं ठळक करू नका, टूलमधला 'हेडिंग' हा पर्याय वापरा. दिसायला दोन्ही सारखंच, पण खुणांच्या भाषेत एक नुसता जाड मजकूर आणि दुसरं खरं शीर्षक.

आम्ही काय घेतलं

शेवटी कमिटीनं ठरवलं: स्वतःचं 'डॉट इन' नाव आणि गुगल साइट्स. पानं चारच. मग तो फोनवरून संपादन न होण्याचा प्रश्न? त्याची तोड अशी की जे वारंवार बदलतं ते साइटवर लिहायचंच नाही. उपासना, प्रार्थनासभा, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा वर्ग) यांच्या वेळा एका गुगल कॅलेंडरमध्ये ठेवल्या आणि ते कॅलेंडर पानावर जडवलं. झावळ्यांचा रविवार (पाम संडे), उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानदिन (ईस्टर) यांच्या तारखा दरवर्षी सरकतात. त्या कॅलेंडरमध्ये एकदा घातल्या की पुढे साइटला हात लावायची गरज नाही. पाळकसाहेब शनिवारी रात्री घरी बसून, फोनवर कॅलेंडर उघडून वेळ बदलतात आणि पानावर ती आपोआप बदलते. संदेशांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकून पानात जोडले. फोटो टाकण्याआधी लहान करतो: फोनचा एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो, रुंदी १६०० पिक्सेलवर आणली की काही शे केबीत बसतो. लोकलमध्ये उभ्यानं पान उघडणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

पैशांचं बोलायचं तर खर्च फक्त नावाचा. तुम्ही होस्टिंग घेणार असाल तर पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाची विचारा. 'फक्त ९९ रुपये' हे बहुतेकदा पहिल्या वर्षापुरतंच असतं. आणि साइटला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीची सोय, आहे ना, तेही विचारा. २०१८ पासून क्रोम त्याशिवायच्या साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो. तयार बिल्डरांत ही सोय असतेच, आणि होस्टिंगवर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्याचे वेगळे हजार रुपये कुणी मागितले तर कारण विचारा.

उद्या घर बदलायचं झालं तर सामान नेता येतं का, हेही आधीच पाहिलं. वर्डप्रेस आणि ब्लॉगर मधून सगळा मजकूर एका फाइलीत उतरवून घेता येतो. गुगल साइट्सची पानं गुगलच्याच टेकआउट या सोयीतून निघतात. विक्समध्ये बनवलेली साइट जशीच्या तशी दुसरीकडे नेता येत नाही, मजकूर हातानं उचलावा लागतो. कंपनी मोठी म्हणून निर्धास्त राहू नका. एकेकाळी लाखो घरगुती साइटी जिथे होत्या ते जिओसिटीज याहू कंपनीनं २००९ मध्ये बंद केलं, आणि खुद्द गुगलनं जुन्या धाटणीचं साइट्स २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं गुंडाळलं.

किल्ल्यांचा जुडगा

खरा वेळ लागला तो या कामात. मंडळीच्या नावानं वेगळं जीमेल खातं उघडलं. डोमेन, साइट, कॅलेंडर, यूट्यूब सगळं त्याच खात्यावर. कुणाच्याही खाजगी ईमेलवर काही नाही, माझ्याही नाही. खातं परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर खजिनदारांचा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली आणि त्यासोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून, पाकिटात घालून, लग्नाच्या रजिस्टरांच्या कपाटात ठेवले. कमिटी बदलली की जसा रजिस्टरांचा ताबा लिहून दिला-घेतला जातो, तसा याचाही. डोमेनची मुदत संपण्याची तारीख खजिनदारांच्या डायरीत आहे, दोन महिने आधीच्या पानावर.

काय टाकायचं नाही, यावर मीटिंगमध्ये जास्त वादावादी झाली. तरुण संघाला शब्बाथ शाळेच्या मुलांचे फोटो नावांसकट हवे होते. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते असं सांगतो. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या लेकराचं नाव, शाळेचा गणवेश आणि रविवारी ते कुठे असतं हे सगळ्या जगाला सांगायचं कशाला? सभासदांची फोन यादीही नाही. घरगुती प्रार्थनासभांचे पत्ते नाहीत, ते ग्रुपवर कळतात. आणि आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थना-विनंत्या तर मुळीच नाहीत. 'अमुक भगिनीचं ऑपरेशन, प्रार्थना करा' हे मायेनं लिहिलेलं असतं, पण पुढची कित्येक वर्षं ते तिच्या नावानं शोधलं की वर येत राहतं.

दानार्पणाच्या क्यूआर कोडवरून खजिनदारांनी एक मुद्दा काढला, तो मला ठाऊकच नव्हता. साइट जगभर दिसते. आपले नातेवाईक बाहेर आहेत. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर गोष्ट वेगळी, पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याचा पैसा विदेशी अंशदान ठरतो. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान (विनियमन) कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. आमच्याकडे ती नोंदणी नाही. म्हणून साइटवर क्यूआर नाही. दानपेटी रविवारी असतेच.

एक काम मी सगळ्यात आधी करायला हवं होतं, ते शेवटी केलं. नवखा माणूस चर्चच्या साइटवर जाण्याआधी गुगल मॅप्सवर बघतो. तिथली आमची नोंद कुणी केली होती कोण जाणे, पिन चक्क मागच्या सेक्टरमधल्या शाळेवर होती आणि वेळ 'चोवीस तास उघडे'. त्या नोंदीचा ताबा मागितला, पडताळणी झाली, पिन सरकवली, मराठी उपासना साडेदहा असं लिहिलं. फुकट झालं, आणि माझ्या अंदाजानं साइटपेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडतंय. तुमच्याकडे वेबसाइटला माणूसबळ नसेल तर निदान एवढं करा आणि तूर्तास तिथेच थांबा.

जुनी साइट मात्र अजून जिवंत आहे. तिच्या किल्ल्या त्या मुलाच्या कॉलेजातल्या ईमेलवर, आणि ते खातं कधीच बंद झालंय. विक्रेत्याला पत्र लिहिलं, उत्तर आलं की नोंद ज्याच्या नावावर आहे त्याच्याच सहीचं पत्र आणि ओळखपत्र लागेल. त्याला निरोप गेलाय, तो पाठवतो म्हणालाय. तोवर कुणी 'चर्च, नेरूळ, मराठी' असं शोधलं तर खालच्या बाजूला कुठेतरी हलत्या मेणबत्त्या दिसतील. ती नको. वरची उघडा. आणि येणार असाल तर साडेदहाला या. स्टेशनपासून रिक्षानं पाच मिनिटं, पावसात दहा.